गडग्याएवढी गाडी

शोरूममधल्या पोराने पहिला प्रश्न विचारला, "काका, मुलासाठी का?"

मला मुलगा नाही. मुलगी आहे, ती पुण्यात शिकते आणि तिथे पीएमटीने फिरते. एवढं सगळं त्याला सांगायची गरज नव्हती. "माझ्यासाठीच," म्हटलं. त्याने माझ्या पोटाकडे पाहिलं, चष्म्याकडे पाहिलं, बाहेर उभ्या असलेल्या माझ्या सतरा वर्षांच्या स्प्लेंडरकडे पाहिलं आणि फार अदबीने म्हणाला, "मग शंभर सीसीतलं दाखवू का? एव्हरेज एक नंबर."

मला हवी होती ती दीडशे-एकशेसाठ सीसीची, अंगावर फारसं प्लास्टिक नसलेली, हलकी गाडी. त्या जातीला 'नेकेड स्ट्रीट' म्हणतात. आईसमोर मी हे नाव अजून उच्चारलेलं नाही.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या वर्गातल्या गाड्या कागदावर तरी एकमेकींच्या सख्ख्या बहिणी आहेत. ताकद बारा ते अठरा हॉर्सपॉवर, पेट्रोल-ऑइल भरून वजन १३५ ते १५५ किलो, सीट जमिनीपासून ८०० मिलिमीटरच्या आसपास, मागे जाड टायर. फरक असतो तो दिव्याच्या डोळ्यांत आणि पोरांच्या भांडणांत. मला त्या भांडणात पडायचं नाही. माझं सगळं भांडण वजनाशी आहे, आणि ते जुनं आहे.

चाळिशी उलटली तेव्हा मलाही झटका आला होता. मोठी, जड, धडधड करणारी गाडी घ्यायचा. घेतली. दोनशे किलोंच्या आसपासची. रत्नागिरी-पावस रस्त्यावर सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावरून, ती घेऊन निघालो की वाटायचं, आपण रेडेगाडीवरून नाही तर आगबोटीवरून चाललो आहोत. सरळ रस्त्याला तिच्यासारखी गाडी नाही, हे मी आजही कुणालाही सांगेन. खड्ड्यात गेली तरी खड्ड्यालाच लाज वाटावी अशी जायची. दोन वर्षं मजेत गेली.

तिसऱ्या वर्षी जुलैत एका संध्याकाळी घरी आलो, बेड्यातून, म्हणजे आवाराच्या फाटकातून, आत वळलो, अंगणात गाडी थांबवली आणि डावा पाय खाली टेकला. त्या वर्षी अंगणात झावळं टाकायची राहून गेली होती. आमचं अंगण जांभ्या चिऱ्याचं. पावसाळ्यात त्यावर जे शेवाळ चढतं त्याला बुळबुळीत म्हणणं म्हणजे त्याचा अपमान आहे. पाय सरकला. वेग शून्य. गाडी पाच-दहा अंश कलली, मी म्हटलं सावरेल, आणि ते म्हणेपर्यंत ती माझ्या घोट्यावर होती. आई ओटीवरून धावत आली, तिने हँडल धरून ओढायचा प्रयत्न केला, मग शेजारच्या घरात हाक मारली. दोघा माणसांनी गाडी उचलली. मी तीन आठवडे लंगडत होतो. सायलेन्सरचा चटका पोटरीवर अजून आहे, कोकणाच्या नकाशासारखा लांबट.

मी कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये सहायक आहे. मुलांना गुरुत्वमध्य दाखवणारे ठोकळे वर्षानुवर्षं कपाटातून काढून देतो आणि परत ठेवतो. घोट्याला बँडेज बांधून पलंगावर पडलो असताना पहिल्यांदा त्या ठोकळ्यांचा मला उपयोग झाला. हिशेब ढोबळच आहे. गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्ध्या मीटरवर धरा, आपण हँडल धरतो ते एक मीटरवर. दोनशे किलोंची गाडी दहा अंश कलली तर हँडलवर सतरा किलोंचा जोर लावून ती थोपवता येते. तांदळाची लहान गोण झाली. पण तीच गाडी तीस अंश कलली की पन्नास किलो लागतात. आणि दहा अंशांपासून तीस अंशांपर्यंत जायला तिला वेळ लागतो तो पापणी लवण्याइतका. म्हणून प्रत्येकाला वाटतं, धरली होती हो, अगदी धरली होती. धरलेली असतेच. सतरा किलो धरलेले असतात.

हाच हिशेब १४५ किलोंच्या गाडीला लावला तर दहा अंशांना बारा-साडेबारा आणि तीस अंशांना छत्तीस. छत्तीस किलो म्हणजे एक चिरा. चिरा मी उचललेला आहे.

धावताना वजनाचा जाच होत नाही, ही सगळ्या जड गाड्यांची लबाडी आहे. वेग आला की दुचाकी स्वतःच स्वतःला सांभाळते. शाळेत आम्हाला सांगायचे, चाकं भोवऱ्यासारखी फिरतात म्हणून ती पडत नाही. तेवढंही खरं नाही. २०११ साली डेल्फ्ट आणि कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी एक विचित्र सायकल बनवली, जिच्यात उलट फिरणारी जादा चाकं लावून तो भोवऱ्याचा गुण पुसून टाकला होता. वर हँडलची ठेवणही अशी केली की पुढचं चाक मागे खेचलं जाऊन आपोआप सरळ होण्याचा फायदाही मिळू नये. तरी ती ढकलून सोडली की माणसाशिवाय तोल सांभाळत चालायची. म्हणजे चालती गाडी का उभी राहते याचं पुरतं उत्तर एका वाक्यात मावत नाही. थांबलेली का पडते याचं मावतं.

आमच्या रोजच्या जाण्यायेण्यात थांबणंच जास्त. बेडं उघडायला थांबा, पाखाडीच्या, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेच्या, तोंडाशी कुणी भारा घेऊन उतरत असेल तर थांबा, चढावर समोरून एसटी आली की डाव्या बाजूच्या गटाराला टायर लावून थांबा. रस्ता सपाट असेल अशी जागा सड्यावर सोडली तर कुठे नाही. कोकणात गाडी चालवतात कमी आणि सावरतात जास्त.

ती जड गाडी लांज्याच्या एका मित्राने घेतली. तो उंच आहे, त्याचं अंगण काँक्रीटचं आहे. मी परत स्प्लेंडरवर आलो.

यंदा दिवाळीनंतर पुन्हा विचार आला, त्याला कारणं दोन. स्प्लेंडरच्या इंजिनातून आता असा आवाज येतो की आमचे मिस्त्री बोनेट नसलेल्या गाडीवरही झाकण बंद केल्यासारखा चेहरा करतात. आणि दुसरं म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. शोरूममधल्या पोराने हे मला तीन वेळा सांगितलं, जणू त्यानेच उतरवला होता.

गावात टेस्ट राइड म्हणजे काय असतं ते सांगतो. लायसन्सची झेरॉक्स द्यायची, एका कागदावर सही करायची, त्यांचं हेल्मेट घालायचं (नका घालू, आपलं न्या, त्या हेल्मेटात आधीच्या चाळीस गिऱ्हाइकांचं खोबरेल असतं), पेट्रोल पंपापर्यंत जायचं आणि वळून यायचं. दीड किलोमीटर. रस्ता नवा, सपाट. परत आलं की पोरगा विचारतो, "कशी वाटली?" आणि दीड किलोमीटरमध्ये प्रत्येक नवी गाडी चांगलीच वाटते. नवे जावईबापू पहिल्या दिवाळसणाला चांगलेच वाटतात.

मी म्हटलं, मला भाट्याच्या पुढच्या चढापर्यंत जायचं आहे. पोराने आत जाऊन विचारलं. बाहेर येऊन म्हणाला, "चालेल सर, पण मी मागे बसतो." काकाचा सर झालो होतो. मला ते बरंच वाटलं, आणि तो मागे बसतोय हेही बरं वाटलं. मागे ओझं असताना गाडी कशी वागते तेच मला बघायचं होतं.

पण निघण्याआधी मी एक गोष्ट केली ती त्याला अजिबात कळली नाही. चावी बंद केली, न्यूट्रल टाकला आणि गाडी हाताने ढकलत शोरूमच्या बाहेरच्या उतारावरून खाली नेली. मग वळवली. मग मागे-मागे ओढत वर आणली. रस्त्याकडेच्या त्या जागेला दहाला एक इतका तरी उतार असावा. एवढ्या चढावर दोनशे किलोंची गाडी निव्वळ ढकलायला वीस किलोंचा रेटा लागतो, हिला साडेचौदा. आकडा किरकोळ दिसतो. पण सकाळी सव्वाआठला, हातात डबा, अंगावर इस्त्रीचा शर्ट, आणि गाडी तोंड भिंतीकडे करून लावलेली असताना तो किरकोळ नसतो. हँडल दोन्ही बाजूंना किती वळतं तेही तिथेच कळलं. या जातीच्या काही गाड्यांचं हँडल कमी वळतं, अंगणात वळवायला तीनदा पुढे-मागे करावं लागतं. हिला दोनदा लागलं. स्प्लेंडर एकदाच वळते, पण स्प्लेंडर ही स्प्लेंडर आहे.

"सर, चालू करू का?" पोरगा म्हणाला. त्याला वाटलं असावं मला स्टार्टरचं बटण सापडत नाहीये.

निघालो. पहिल्या शंभर मीटरांतच लाज गेली. स्प्लेंडरला चारही गिअर पुढे दाबून पडतात. त्या जड गाडीची दोन-तीन वर्षं सोडली तर सतरा वर्षं माझा डावा पाय तेवढंच जाणतो. या गाडीला पहिला खाली आणि बाकीचे वर. पहिल्यातून दुसऱ्यात जायला मी सवयीने खाली दाबलं. काही झालं नाही, इंजिन मात्र किंचाळायला लागलं. मग आठवलं, उचलला. दुसरा, तिसरा. मारुती मंदिराच्या गर्दीतून सुटल्यावर जरा मोकळा रस्ता मिळाला, चौथा टाकायचा म्हणून पायाने पुन्हा आपल्या मनाचं केलं. तिसऱ्यातून थेट दुसऱ्यात. गाडीने असा हिसका दिला की मागच्या पोराचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर येऊन आदळलं. ठक्क.

"सर, उलटं आहे," तो म्हणाला.

"हो, कळलं."

"पहिले दोन दिवस सगळ्यांचं होतं."

चांगला होता पोरगा. असं खोटं बोलायला मोठं मन लागतं.

जुन्या बुलेटना गिअर उजवीकडे आणि ब्रेक डावीकडे असायचा. जावा-येझदीला तर ज्या दांडीने किक मारायची तीच पुढे वळवून गिअर टाकायचे. त्या काळातली माणसं एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर बसताना डोकं कुठे ठेवत असतील कोण जाणे. आम्ही सगळे एका कंपनीच्या पायाला सवकलेले लोक.

राजीवड्यात रस्ता अरुंद होतो. सकाळची मासळी संपत आली होती, पाट्या धुतलेलं पाणी रस्त्यावर, दोन रिक्षा समोरासमोर. इथे ही गाडी पहिल्यांदा मला आवडली. चालण्याच्या वेगाने, क्लच अर्धा दाबून, दोन रिक्षांच्या मधून ती सुतासारखी निघाली. क्लच इतका हलका की दोन बोटं पुरली. मागे सत्तर किलोंचा पोरगा आहे हे तिने जाणवू दिलं नाही. एका म्हाताऱ्या खलाशाने हाताची बोटं उघडझाप करून मला खूण केली, दिवा चालू आहे. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाक्यांचा दिवा बंदच होत नाही, बटणच नाही त्याला. आठ वर्षं झाली, अजून रस्त्यावरचा प्रत्येक भला माणूस ती खूण करतो. मीही मान हलवून आभार मानले. उगाच त्याचा चांगुलपणा कशाला मोडायचा.

मग भाट्याचा पूल. उजवीकडे समुद्र, डावीकडे काजळी नदीची खाडी, आणि मधे वारा. पुलावर वारा नेहमी आडवा असतो. हलक्या गाडीची खरी उणी बाजू इथे दिसली, ती लपवत नाही. पन्नासच्या वेगात वाऱ्याचा एक झोत आला आणि गाडी हातभर सरकली. जड गाडीला असं व्हायचं नाही. जरा घाबरलो. हलक्या गाडीवर वाऱ्यात हँडल घट्ट आवळलं की जास्त हलते. कोपर सैल सोडायचे, गुडघ्यांनी टाकी धरायची. दुसऱ्या झोताला ते केलं. तिने मान झुकवली आणि परत सरळ झाली.

वेगात गाडी वळवताना आपण काय करतो हे बहुतेकांना माहीतच नसतं. डावीकडे जायचं असेल तर डावं हँडल किंचित पुढे ढकलावं लागतं, म्हणजे चाक क्षणभर उजवीकडे जातं, गाडी डावीकडे कलते आणि मग वळते. सगळे जण हेच करतात, फक्त विचारलं तर उलट सांगतात. जड गाडीला हा ढकला ठरवून द्यावा लागायचा. हिला नुसतं मनात आणलं की पुरे. नारळ संशोधन केंद्राच्या बाजूने जाताना एक कुत्रं आडवं आलं आणि त्याच्या बाजूने गाडी कधी निघून गेली ते मला, पोराला आणि कुत्र्याला, तिघांनाही उशिरा कळलं.

तिथे सुरुबनाजवळ वाऱ्याने वाळू रस्त्याच्या कडेला येऊन बसते. मी पोराला खाली उतरवलं. म्हटलं, मला ब्रेक बघायचा आहे. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या दुचाक्यांना एबीएस (ब्रेक कचकन दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा) सक्तीचं आहे, पण विकत घेणाऱ्या किती जणांनी ते कामाला लागलेलं अनुभवलं असेल? जाहिरातीत वाचायचं आणि देवावर सोडायचं. पंचवीसच्या वेगात, सरळ, वाळूवर पुढचा ब्रेक कचकन दाबला. पोटात गोळा आला होता, कारण स्प्लेंडरवर हे केलं असतं तर तोंडावर पडलो असतो. लिव्हर बोटांखाली थरथरली, सापाचं शेपूट धरावं तशी, चाक फिरतच राहिलं आणि गाडी सरळ उभी राहिली. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं ते केवळ मजा म्हणून. लांबून पोरगा दोन्ही हात वर करून काहीतरी ओरडत होता.

एक मात्र. एबीएस अगदी हळू वेगात काम करत नाही. म्हणजे माझ्या अंगणात, शेवाळावर, शून्याच्या जवळ, त्याचा मला काडीचा उपयोग नाही. तिथे मी, माझा घोटा आणि १४५ किलो.

झरी विनायकाला लांबूनच हात जोडले आणि चढाला लागलो. दोघं माणसं, वळणाचा चढ, तिसरा गिअर. शंभर सीसीला इथे दुसऱ्यावर यावं लागतं आणि मागच्या माणसाने श्वास रोखून धरावा लागतो. ही तिसऱ्यात कुरकुर न करता चढली. फार नाही, थोडी हातात ताकद ठेवून. मला एवढीच ताकद हवी होती. वर सड्यावर आल्यावर गवत पिवळं पडलेलं, कातळ जागोजागी उघडा. चौथ्यात साठला आरशात पाहिलं तर आरसा थरथरत होता, मागची एसटी दोन-दोन दिसत होती. पाचव्यात टाकली, एक झाली. हे लक्षात ठेवलं. सीटही लक्षात ठेवली: सोळा किलोमीटर रोज जाऊन-येऊन काढायला ती जरा ओटीच्या कट्ट्यासारखी आहे.

परतताना उतारावर दुसऱ्या गिअरमध्येच आलो. शोरूममध्ये पोचल्यावर पोराने नेहमीचा प्रश्न विचारला नाही. म्हणाला, "सर, तुम्ही मोटर ट्रेनिंगमध्ये आहात का?"

"नाही रे. मी पडलोय."

पुढच्या शनिवारी आईला घेऊन गेलो.

हे कुणाला सांगितलं की हसतात. गाडी मी चालवणार, हप्ते मी भरणार, आईला कशाला? पण गाडीच्या मागच्या सीटवर वर्षातून दोनशे वेळा जे माणूस बसतं त्याने ती बसून बघू नये, हा कुठला न्याय? बाजार, डॉक्टर, देऊळ, पावसला स्वामींच्या मठात, माहेरचं कुणाचं बारसं. आई ७३ वर्षांची आहे, साडी नेसते आणि एका बाजूला पाय सोडून बसते. यातलं काहीही बदलणार नाही.

शोरूमच्या पोराने, आता तो माझा मित्रच झाला होता, गाडी बाहेर काढली. आईने ती पुढून पाहिली. मग मागून पाहिली. मागून जास्त वेळ पाहिली.

"ही मागची सीट कुठाय?"

पोराने दाखवली. या गाड्यांची मागची सीट पुढच्यापेक्षा वर चढवलेली असते, छोट्या उशीसारखी. गाडी डोकं खाली करून धावत्या मांजरासारखी दिसावी म्हणून. मांजराच्या शेपटाच्या बुडाशी माणूस बसतो याची आठवण चित्र काढणाऱ्याला शेवटी येत असावी.

"अरे, हा तर कावळ्याचा घास ठेवायचा पाट," आई म्हणाली. "धरायचं कुठे?"

"आजी, सरांच्या खांद्याला धरा."

"आणि साडीचं काय रे, बाळा?"

साडीगार्ड नव्हतंच. डेमो गाडी बरी दिसावी म्हणून काढून ठेवलेलं. पोरगा म्हणाला, घेणारी सगळी मुलंही काढूनच टाकतात. मी लॅबवाला माणूस, नियम पाठ असतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२३ वा नियम सांगतो की मोटरसायकलला मागे बसणाऱ्यासाठी हाताने धरायची सोय हवी, पाय ठेवायला पायदान हवं आणि मागचं चाक निम्मं तरी झाकलेलं हवं, म्हणजे कपडे तारांत अडकणार नाहीत. पोराने मान डोलवली. आत जाऊन खोक्यातून साडीगार्ड आणलं, वर म्हणाला की गाडी घेतली की हे लागूनच मिळेल. धरायची कडी मात्र होती, सीटच्या खाली बोटं घालून शोधावी लागणारी. कायद्यापुरती.

मग प्रश्न आला चढण्याचा.

इथे थोडं मागे जातो. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. हिरो होंडाची सीडी-१०० देशात १९८५ साली आली. बाबांनी ती पाचेक वर्षांनी घेतली, कर्ज काढून. 'फिल इट, शट इट, फर्गेट इट' ही तिची जाहिरात बाबा इंग्रजीच्या तासाला आज्ञार्थी वाक्यांचं उदाहरण म्हणून द्यायचे. ती गाडी घरी आली तेव्हा आईला तिच्यावर चढता यायचं नाही. आई बुटकी. बाबांनी तोडगा काढला. गाडी गडग्याला, म्हणजे आवाराच्या दगडी बांधाला, चिकटून उभी करायची. गडगा दोन फुटांचा. आई गडग्यावर चढायची, तिथून गाडीवर बसायची, पदर सावरायची आणि म्हणायची, "हं." ते "हं" ऐकलं की बाबा क्लच सोडायचे. उतरताना शाळेच्या, देवळाच्या, डॉक्टरच्या, जिथे जातील तिथे एखादा गडगा, जोतं, पार शोधायचे. आमच्या तालुक्यातले सगळे गडगे बाबांना उंचीनिशी ठाऊक होते. पुढे माझ्या स्प्लेंडरलाही तोच गडगा चालला. बाबा जाऊन नऊ वर्षं झाली.

शोरूमपुढे गडगा नव्हता. फरशी होती, झेंडे होते, फुगे होते. पोराने आतून प्लास्टिकचं स्टूल आणलं. आई त्यावर चढली, माझ्या खांद्यावर हात ठेवला, सीटवर बसायला गेली आणि गाडी तिच्या बाजूला कलली. मी दोन्ही पाय घट्ट रोवून बसलो होतो. जड गाडीवर याच क्षणी माझं काळीज उडायचं. इथे गाडी कलली, मी मांडीने रेटून सरळ केली, एवढंच. आईला ते कळलंही नाही. "हं," ती म्हणाली.

पंपापर्यंत गेलो. आईला घेऊन वाळूत ब्रेक मारून बघायचा माझा विचार नव्हता. वळलो, परत आलो. उतरताना स्टूल लागलंच.

"कशी आहे, आजी?"

"गाडी बरी आहे," आई म्हणाली. "बसल्यावर बरी आहे. चढेपर्यंत नाय."

पोराने ऑन-रोडचा कागद हातात दिला. त्यात विमा, पासिंग, कसली-कसली ॲक्सेसरी. बुकिंगचे पाच हजार भरा म्हणाला. मी कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हटलं, दोन दिवसांत सांगतो. त्याला वाटलं असणार, गेलं गिऱ्हाईक.

घरी स्प्लेंडरवरूनच आलो. पुलावर वारा होता. बेड्यातून आत वळलो, गडग्याला गाडी चिकटवली, आई उतरली. मी आत जाऊन टेप आणली. शोरूममध्ये मी मागच्या सीटची उंची मोजून ठेवली होती, सीटच्या कडेशी नव्वद सेंटीमीटर. पोराच्या देखत मोजायला लाज वाटली म्हणून वितीने मोजली होती, चार विती आणि वर चार बोटं. स्प्लेंडरची सीट टेपने ऐंशीच्याही खाली भरली. गडगा साठ.

"काय मोजतोयस?"

"दहा-बारा सेंटीमीटर जास्त होतात. तुला नाही जमायचं. दुसरी एखादी बघू, मागे सपाट सीटवाली. थोडी जड असेल."

"जड नको," आई लगेच म्हणाली. मग ओटीवरच्या खांबाला टेकून गडग्याकडे बघत राहिली. परड्यात, विहिरीच्या पलीकडे, न्हाणीघर पाडलं तेव्हाचे चिरे पडलेले आहेत. त्यांच्यावर आता शेवाळ आणि नेचे आलेत.

"तो एक चिरा आण तिथला," ती म्हणाली. "गडग्यावर ठेव. गाडी कशाला बदलतोस, गडगा वाढव."

मी परड्यात गेलो. त्यातल्या त्यात सरळ कडांचा चिरा निवडला, पायाने हलवून खाली विंचूबिंचू नाही ना ते बघितलं, आणि दोन्ही हात खाली घातले.

"कमरेत वाकू नकोस," मागून आवाज आला. "गुडघ्यात वाक."